देवरावजींचे रविवारचे पंचनामे

आमच्या शेजारचे देवरावजी पटवारी दर रविवारी बायकोपोरांना घेऊन नाल्यावर आंघोळीला जात आणि घरी परतले की त्या आंघोळीचा पंचनामा करत.

हे मी थट्टेने सांगत नाही. गावात चोरी झाली, कडब्याची गंजी जळाली, की जसा पंचनामा होतो अगदी तसा. ओट्यावर मांडी घालून, दौत-टाक पुढे ठेवून, पोरांना रांगेत बसवून. त्यातला एक मला अजून पाठ आहे.

"आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, आज रविवारी मौजे मुकुटबन येथील नाल्यावर समक्ष पाहणी केली असता पाणी गुडघाभर आढळून आले. गजानन, वय सहा, याची चड्डी पाण्यात वाहून गेली. शोध घेतला असता मिळून आली नाही. गजानन याचा कोणावरही संशय नाही. जागेची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस पळसाची तीन झाडे, पश्चिमेस बांध, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस एक म्हैस. पंचनामा लिहून होण्याआधी म्हैस निघून गेली, सबब दक्षिणेची सीमा उघडी आहे."

खाली थोरल्या कुसुमची वेडीवाकडी सही. तिच्याखाली गजाचा आणि धाकट्या बबीचा डावा अंगठा. शेवटी "समक्ष" असा शब्द आणि देवरावजींची लपेटेदार सही.

ही सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. नवे पैसे नुकतेच आले होते आणि बाजारात सगळ्यांचाच गोंधळ उडत होता, माझा सोडून. मी भांडी विकणारा माणूस. आधी डोक्यावर पाटी घेऊन गावोगावचे बाजार केले, मग मुकुटबनला दुकान टाकलं. बापाने ठेवलेलं काही नव्हतं. जे झालं ते जिभेच्या जोरावर. भाव करण्यात मला या भागात कोणी हरवलेलं नाही, आणि हरवायला आलाच तर माझं डोकं असं तापतं की तो दुकानाची पायरी परत चढत नाही. देवरावजींनी मात्र मला हरवलं, तेही कागदावर. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

देवरावजींचा पगार किती असेल ते त्यांच्या घरातल्या भांड्यांवरून मला कळायचं. वरकमाई करणाऱ्या पटवाऱ्याच्या घरी पितळेची रांग असते. यांच्याकडे जर्मनची दोन पातेली आणि एक ठोकलेला गंज, म्हणजे मोठं उभं पातेलं. तरी रविवारी हे पाचही जण वणीचा राजा निघाल्यासारखे घराबाहेर पडत. वहिनींच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कुसुमच्या हातात पाण्याचा तांब्या, गजाच्या खिशात फुटाणे.

जायचं कुठे? कधी नाल्यावर. कधी वणीच्या रस्त्यावर डांबराचा रोलर आला होता, तो बघायला. कधी टेकडीवर चढून वणीची मोटार लांबून धूळ उडवत येताना बघायची, एवढ्यासाठी दोन तास. कधी कोणाच्या तरी शेतात, आधी विचारून, गोवऱ्या पेटवून त्यात कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. चैत्रात पळसाखाली, वैशाखात टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या झाडाखाली. पैसा म्हणून एक खर्च करायचा नाही.

पण निघण्याआधी शनिवारी देवरावजी एकटे जाऊन ती जागा बघून येत. "मोका पाह्यल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. मोका म्हणजे जिथे गोष्ट घडली ती जागा. इथे घडायची असायची, एवढाच फरक. सावली किती वाजता सरकते, मुंग्या कुठे आहेत, विंचवाचे दगड कोणते, सगळं बघून ते परत येत आणि घरात जाहीर करत.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे "हरकत?" फुटाणे वाटण्याआधी, वाट बदलण्याआधी, परत निघण्याआधी ते थांबून पोरांना विचारत, "कोणाची हरकत?" कुसुम आणि गजा म्हणत, "नाई." साडेतीन वर्षांची बबी दर वेळी म्हणे, "हाये." मग वरात तिथेच उन्हात उभी राही. देवरावजी उकिडवे बसून तिची हरकत ऐकून घेत. बहुतेक वेळा ती हरकत अशी असे की गजाच्या सावलीवर तिला पाय द्यायचा आहे आणि तो देऊ देत नाही. दोन्ही बाजू ऐकून निकाल होई, मग वरात पुढे जाई.

एकदा मी ओट्यावरून ओरडलो, "देवरावजी, पोट्टीले उचला अन् चाला ना. कायले तिच्या नादी लागून राह्यले?"

ते म्हणाले, "लक्ष्मणभाऊ, हरकत ऐकली नाई त अपील होते."

कागदाच्या बाबतीत माणूस कडक. सरकारी कागदाचा कपटाही घरच्या कामाला लावायचा नाही. पंचनामे लिहायचे ते लग्नपत्रिकांच्या पाठीवर, औषधांच्या जाहिरातींच्या मागच्या बाजूला, जुन्या कॅलेंडरच्या पानांवर. गावात लग्न झालं की पत्रिका गोळा करायला कुसुम फिरायची. सगळे कागद वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले. त्याला ते बस्ता म्हणत आणि सरकारी दप्तराच्या शेजारी पण एक वीत अंतर सोडून ठेवत.

मला या सगळ्याचा राग का यायचा, तर माझ्या शकूमुळे. शकू माझी सहा वर्षांची मुलगी. मी तिला आणि तिच्या आईला वणीच्या जत्रेत घेऊन गेलो होतो. पाळणा, गुडीशेव, बांगड्या, कागदाचं भिरभिरं, सगळं घेऊन दिलं. प्रत्येक गोष्टीचा भाव पाडून घेतला, त्यात दुपार गेली, पण दिलं. आणि आठ दिवसांनी शकू शेजारच्या ओट्यावर बसून गजाला विचारते काय, तर म्हैस परत आली का.

"तुले जत्रा नाई आवडली?" मी विचारलं.

"आवडली ना, बाबा," ती म्हणाली. "पण तिचा कागद नाई."

शेवटी एका रविवारी शकूने एवढं रडं धरलं की मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर निघालो. पौषाचे दिवस. जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, म्हणजे त्यांची आठ-दहा घरांची वस्ती. तिकडच्या वाटेवर एका बोरीखाली देवरावजींनी जागा पाहून ठेवली होती. वाटेत एक कोलाम म्हातारी टोपलीभर बोरं घेऊन बसली होती. बाजाराला चालली होती, जरा टेकली होती. पिकलेली, लालबुंद बोरं. शकू टोपलीशी उभी राहिली.

देवरावजींचा नियम विकत काही न घेण्याचा. पण तो नियम त्यांचा. माझी मुलगी टोपलीकडे बघते आहे आणि मी पुढे जाऊ? मी भाव विचारला.

"आण्याले दोन ओंजळी," म्हातारी म्हणाली.

"चार दे."

"दोन."

"बरं, तीन."

"दोन."

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो. भाव अडला की पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. घाई करायची नाही. सातव्या पावलाच्या आत मागून हाक येते. मी शेकडो वेळा पाठ फिरवली आहे आणि शेकडो वेळा हाक आली आहे. दुकानात बसलो तर उलट, गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा सहाव्या पावलापर्यंत गप्प बसायचं, हेही मला ठाऊक. तर मी पाठ फिरवली. चाललो. सात पावलं झाली, दहा झाली. चौदाव्या पावलाला मी वळून पाहिलं, तर म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन गावाच्या दिशेने निघूनही गेली होती. तिच्याकडे दोन म्हणजे दोन. मी चाललो म्हणजे मला बोरं नकोत, असा तिने सरळ अर्थ घेतला.

मी हाक मारली नाही. मी हाक मारायची नसते.

शकू रडली नाही, तेवढं बरं. बोरीखाली सगळे खेळले, भाकरी खाल्ल्या, झाडाला चार-दोन बोरं होती ती गजाने दगड मारून पाडली, किडकी निघाली. संध्याकाळी देवरावजी लिहायला बसले, तेव्हा मी दुकान उघडायला गेलो होतो. कागदात माझ्याबद्दल काही येईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोट्टे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, खाऊ आणि पैसे मिळवतात. त्या संध्याकाळी गल्लीतले सगळे बैल देवरावजींच्या ओट्याखाली बांधले जात आणि देवरावजी बस्ता सोडून वर्षभराचे पंचनामे मोठ्याने वाचत. पोरांबरोबर त्यांच्या आयाबापांचीही गर्दी. मीही त्या वर्षी हौसेने उभा राहिलो. चड्डी वाहून गेली तिथे हसलो, म्हैस गेली तिथे हसलो. मग बोरांचा कागद आला.

"लक्ष्मण, धंदा भांडेविक्री, यांनी बोरांचा भाव केला. भाव न तुटल्याने पाठ फिरवून चौदा पावले चालत गेले. बोरे विकणारी बाई निघून गेली. शकुंतला, वय सहा, ही टोपली होती त्या जागेकडे पाहत उभी असल्याचे आढळून आले. बोरे मिळाली नाहीत."

गल्ली हसली. हसण्याचं मला काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात काय सुरू झालं ते सांगतो. गिऱ्हाईक घागर हातात घेई, भाव सांगे आणि पाठ फिरवून मोठ्याने मोजत चालू लागे, "एक, दोन, तीन." मी हाक मारली तरी हसणार, नाही मारली तरी हसणार. वीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं हत्यार एका कागदाने बोथट केलं. आणि शकू घरात मैत्रिणींना तो कागद तोंडपाठ म्हणून दाखवू लागली. तिला त्यात वाईट काही वाटत नव्हतं. तिचं नाव कागदात होतं, याचाच आनंद.

मी देवरावजींना गाठलं. "ती ओळ खोडा."

"दप्तरात खाडाखोड होत नाई, लक्ष्मणभाऊ."

"हे काय सरकारी दप्तर हाये?"

"मंग त अजून होत नाई. सरकारीत निदान वरचा साहेब खोडू शकते."

"खोटं लिहिलं तुम्ही."

"चौदा पावलं मी मोजलती. कमी होती का?"

तिथेच मी अडलो. कमी नव्हती. मग मी दुसऱ्या बाजूने गेलो. वहिनींचा गंज गळत होता हे मला माहीत होतं. मी एक नवा, जाड पत्र्याचा पितळी गंज खरेदीच्या भावात द्यायला काढला.

"लाच होते ही," देवरावजी म्हणाले.

"लाच फुकट असते. हा त इकत देऊन राह्यलो."

"मंग बाजारभावात द्या."

मी बाजारभाव सांगितला. त्यांनी तो दिला नाही, गंजही घेतला नाही, ओळही खोडली नाही. आमचं बोलणं आठ महिने बंद होतं. शकू मात्र रविवारी त्यांच्याबरोबर जायची. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हटलं असतं तर तेही कागदावर गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात देवरावजींची दारव्ह्याकडे बदली झाली. सरकारी दप्तर नव्या पटवाऱ्याच्या हवाली झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघणार, हे ऐकून मी भर दुपारी त्यांच्या घरात शिरलो. सामान बांधून भिंतीला लावलं होतं, बबी गाठोड्यावर झोपली होती.

"देवरावजी, तो बोराचा कागद काढा. आज फैसला करू. तुम्ही चालले दारव्ह्याले. तठीही पोट्टे जमवून वाचसान. अर्ध्या जिल्ह्यात माह्यं नाव होईन."

 त्यांनी बस्ता सोडला आणि माझ्यापुढे ठेवला. "घ्या, पाहा तुम्हीच."

मी तिसरी शिकलेला. वाचतो, पण सावकाश. कागद शोधता शोधता एकेक वाचत गेलो. रोलर, टेकडी, रोडगे, टेंभरं. आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी पूर्वेस काय, पश्चिमेस काय. एकही कागद त्याशिवाय नाही.

"सहलीच्या कागदाले चतुःसीमा कायले?" मी विचारलं. "कोणी त्या जागेवर दावा लावनार हाये का?"

देवरावजी सुतळी गुंडाळत होते. गुंडाळतच बोलले.

"मी पाच वर्साचा होतो तवा माहा बाप गेला. त्याच्या आधी एक दिवस त्यानं मले कुठीतरी नेलतं. पाणी होतं. पाण्यात हत्तीएवढा दगड होता. मी बापाच्या खांद्यावर होतो. एवढंच ध्यानात हाये."

"कुठची जागा?"

"थेच त माहीत नाई. मायले इचारलं, तिलेही माहीत नाई. आता पटवारी झालो, जिथं बदली होते तिथचे नाले पाहून घेतो. दगड भेटते त पाणी नसते." ते थोडे हसले. "माह्या पोट्ट्यायनं असं हिंडू नये. जाव वाटलं त सरळ जागेवर गेले पाह्यजे."

मी पुन्हा कागदांकडे वळलो. मला माल पारखायची सवय आहे. भांडं घेताना मी ते उन्हाकडे धरून पाहतो, बारीक भोक असलं तर उजेड दिसतो. ते कागदही मी तसेच पाहत गेलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुसुम होती, गजा होता, बबी होती, वहिनी होत्या. शकू होती, मी होतो, म्हैस होती.

"देवरावजी," मी म्हणालो, "याच्यात तुम्ही कुठी हा?"

"मी? मी लिहिनारा."

"एकाही कागदात तुमचं नाव नाई. खाली सही तेवढी."

"पंचनामा करनारा पंचनाम्यात येत नाई. रीत हाये तशी."

"तुमचा बाप कसा होता दिसायले?"

त्यांच्या हातातली सुतळी थांबली. ते म्हणाले, "तोंड नाई आठवत."

"मंग? पोट्ट्यायले पळस सापडन, बांध सापडन. बाप कुठून सापडन?"

त्यांनी सुतळी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्यांना प्रथमच हरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात अजिबात मजा आली नाही.

"एक सौदा करा," मी म्हणालो. "माही ओळ राहू द्या जशी हाये तशी. त्याच्या बदल्यात एक कागद मी लिहितो. थो बस्त्यात गेला पाह्यजे."

"दोन ओळीत आटपा."

"पानभर."

"अर्धं पान, लक्ष्मणभाऊ."

आतून वहिनी म्हणाल्या, "पानभर लिहा, भाऊजी. उशीर कायले करता?"

मी टाक घेतला. देवरावजींना भिंतीशी उजेडात उभं केलं, कुसुमला आणि गजाला पंच म्हणून बसवलं आणि लिहायला लागलो. शब्द त्यांचेच वापरले, मला दुसरे येत नव्हते.

"समक्ष पाहणी केली असता देवराव, वय अंदाजे चाळीस, धंदा पटवारी, हे उंच व काटकुळे आढळून आले. नाक लांब. चष्म्याची डावी दांडी तुटलेली, तिला काळा दोरा बांधला आहे."

"कानात केस हायेत," कुसुम म्हणाली. ते लिहिलं.

"हसले की मिशी वर जाते अन् एक दात नाई थो दिसते," गजा म्हणाला. तेही लिहिलं.

"घोरतात थेही टाका," वहिनी आतून म्हणाल्या.

"समक्ष घोरले त टाकीन," मी म्हणालो.

बबी जागी झाली. काय चाललं आहे ते न विचारता ती सरळ भिंतीकडे गेली आणि दोन्ही हात वर केले. देवरावजींनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. मी लिहिलं, "उजव्या खांद्यावर मुलगी, वय चार, बसलेली आढळून आली. खांदा त्या बाजूने किंचित उतरता आहे." तो खरोखरच उतरता होता. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते तेव्हा दिसलं.

पान भरलं. कुसुमने सही केली, गजाने अंगठा दिला, बबीचा अंगठा मी तिच्या बसल्या जागी जाऊन घेतला. खाली "समक्ष" लिहून मी माझं नाव घातलं. देवरावजी चष्मा सरळ करून म्हणाले, "माही सही कुठी करू?"

"तुमची नाई लागत," मी म्हणालो. "आज तुम्ही मोका हा."

शाई ओली होती. मी कागद खिडकीत धरला. ती वाळेपर्यंत देवरावजी बबीला खांद्यावर घेऊन भिंतीशी तसेच उभे होते. जरासुद्धा हलले नाहीत.